पटाचा गोऱ्हा अन् वखराचं काम

“मॅडम, एवढी बुटकी गाडी काहून घेतली जी?”

आष्टी तालुक्यातल्या एका गोठ्यात एका काकांनी मला हे विचारलं, तेव्हा माझा डावा हात जवळपास खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता. उत्तर द्यायची सोय नव्हती. हातमोजा काढून, हात धुऊन बाहेर आले तोवर गावातली आठ-दहा पोट्टी गाडीभोवती जमली होती. एकानं मागं वाकून ‘टीएसआय’ ही टर्बो इंजिनाची अक्षरं वाचली, शेजारच्याला कोपर मारलं आणि म्हणाला, “हे उडते बे.”

काकांना बुटकी दिसली, पोट्ट्यांना उडणारी. गाडी घेऊन सव्वा वर्ष झालं, 23,000 किलोमीटर झाले, आणि दोघांचंही बरोबर आहे असंच मला अजून वाटतं.

मी पशुवैद्यक. वर्धा जिल्ह्यातला आर्वी-आष्टी-कारंजा हा माझा पट्टा. कुठं संत्र्याच्या बागा, कुठं कापूस-तूर, मधे टेकड्या आणि नाले. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात. आधी दहा वर्षं एक छोटी, उंच छपराची साधी गाडी होती. तिनं कधी त्रास दिला नाही आणि कधी मजाही दिली नाही. 2024 च्या दसऱ्याला ती देऊन ही आणली: फोक्सवॅगन पोलो, 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, 2021 ची, लाल. अर्थात सेकंडहँड, कारण पोलो आपल्याकडे 2022 मध्येच बंद झाली.

नव्यातल्या दोन पाहिल्या होत्या. ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, ताकद 120 पीएस (म्हणजे साधारण तेवढे हॉर्सपॉवर), चारही चाकांना डिस्क ब्रेक. आणि त्याच वर्षी जूनमध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर, 1.2 लिटर टर्बो, तीही 120 पीएस. पोलो 110 ची, मागं ड्रम ब्रेक. कागदावर दोघींपुढं ती उणीच. तिघींमध्ये एक गोष्ट सारखी: इंजिन 1200 सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत. पेट्रोल गाडीला कमी कराच्या रांगेत बसायचं तर आपल्याकडे ही दोन मापं ओलांडता येत नाहीत. म्हणून आपली स्पोर्टी गाडी म्हणजे लहान इंजिन आणि वरून टर्बो. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा आत कोंबतो. चुलीला फुंकणी लावावी तसं. फुंकणीची अडचण अशी की चुलीत आधी विस्तव असावा लागतो. त्याबद्दल पुढं सांगते.

नव्या गाड्या दहा लाखांच्या पुढं जात होत्या, ही सव्वासातात मिळाली. नवरा म्हणत होता, उंच गाडी घे, आपल्या रस्त्यांना तीच बरी. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळं त्याचं सगळं बरोबर असतं. मी त्याला क्लच, टॉर्क, दरवाजा बंद होताना येणारा घट्ट आवाज असं काय काय सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण बाबांचे बैल होते.

माझ्या लहानपणी आमच्याकडे गवळाऊ बैलांच्या दोन जोड्या होत्या. एक वखर-डवऱ्याची, म्हणजे शेतातल्या मशागतीची, आणि एक पटाची. बाहेरच्यांसाठी सांगते, बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. गवळाऊ ही आमच्या भागातलीच जात, पांढरीशुभ्र, अंगानं सडपातळ, पायानं चपळ. हेटीकुंडीच्या सरकारी फार्मवर अजूनही राखली जाते. पटाच्या जोडीला बाबा वेगळं जेवू घालायचे. सरकीची ढेप आधी त्यांच्यापुढं, उरली तर बाकीच्यांना. एका खरिपात वखराचा एक बैल आजारी पडला आणि बाबांनी नाइलाजानं पटातला गोऱ्हा जुंपला. तो वावरात चाललाच नाही. म्हणजे पळाला, पण चालला नाही. वखर एकदा वरून जायचा, एकदा खोल रुतायचा, धुऱ्यापर्यंत जाईस्तोवर बैलाला फेस आणि बाबांना घाम. संध्याकाळी त्याचे पाय चोळत बसलेले बाबा मला अजून दिसतात.

गाडी पहिल्यांदा दाखवायला नेली तेव्हा बाबांनी बाजारात जनावर पाहावं तशी तिच्याभोवती एक फेरी मारली. टायरवर हात ठेवला, बॉनेटवर थाप मारली, खाली वाकून पोट पाहिलं. मग म्हणाले, “गोऱ्हा चांगला हाय. पन तू याले वखराले लावशीन.”

तर वखराला लावल्याचा हा हिशेब.

आधी चांगलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या असतात. ट्रकच्या दोन्ही बाजूंनी कापूस असा फुगून बाहेर आलेला असतो की मागून पुढचा रस्ता दिसतच नाही. जुन्या गाडीत अशा ट्रकच्या मागं मी दहा-दहा मिनिटं काढलेली आहेत. समोर रस्ता मोकळा दिसला तरी धाडस व्हायचं नाही, कारण पाय दाबल्यावर ती आधी आवाज करायची, मग विचार करायची, मग थोडी पुढं सरकायची. पोलोत तिसरा गिअर टाकायचा आणि दाबायचं. 175 न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 1750 आरपीएमपासूनच (मिनिटाला तेवढे फेरे) हाताशी असतो आणि गाडीचं वजन सुमारे अकराशे किलो, त्यामुळं ट्रक बघता बघता आरशात जातो. रस्त्याच्या उलट्या बाजूला जितके कमी सेकंद घालवावे लागतील तितकं बरं, आणि माझ्या लेखी वेगवान गाडीचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

वेळ वाचतो म्हणाल तर तो वाचत नाही. हे मी खरंच मोजलं आहे. रात्री दीडला फोन आला होता, गाय अडली, वासराचं एकच पाऊल बाहेर आलंय. गाव 22 किलोमीटर. जुन्या गाडीनं सरासरी साठनं गेले असते तर 22 मिनिटं. या गाडीनं, या रस्त्यावर, रात्री, सरासरी सत्तर म्हणजे फार झालं. 19 मिनिटं. तीन मिनिटं वाचली, आणि तेवढी गोठ्यात बॅटरी शोधण्यात गेली. (वासराचं दुसरं पाऊल आत दुमडलेलं होतं, सरळ करून काढलं. दोघंही वाचले, गाडीचा त्यात काही वाटा नाही.)

वाटा होता तो परत येताना. आमच्याकडे रात्रीच्या रस्त्याचा खरा मालक रोही. शहरातले लोक नीलगाय म्हणतात. घोड्याएवढं जनावर, दिवे अंगावर पडले की थिजतं किंवा बरोबर उलट्या दिशेला उडी मारतं. त्या रात्री तुरीच्या वावरातून एक निघालं. मी ऐंशीला होते. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे आपण ‘अरे’ म्हणेपर्यंत एक वावर संपतं. ब्रेक पूर्ण दाबला, पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) थरथर आली, स्टिअरिंग डावीकडं दिलं आणि गाडी जिथं वळवली तिथंच वळली. डुलली नाही, मागचा भाग सुटला नाही. रोही उजव्या आरशाजवळून गेलं. त्याच्या अंगाचा वास आला मला, इतकं जवळून. मग पाच मिनिटं मी दिवे लावून तिथंच बसून राहिले. ज्या बुटकेपणाला काका नावं ठेवत होते, त्याच बुटकेपणानं त्या रात्री गाडी रस्त्याला चिकटून राहिली. उंच गाडीत काय झालं असतं, सांगता येत नाही. मला तरी कल्पना करावीशी वाटत नाही.

समृद्धी महामार्गाचं मात्र लोकांना वाटतं तसं काही नाही. विरुळच्या इंटरचेंजवरून चढलं की नागपूर जवळ वाटतं, 120 ची मर्यादा, गाडी त्या वेगाला नुसती गुणगुणते. पण सरळ सिमेंटच्या रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच चालते, तिथं स्पोर्टी गाडीला करण्यासारखं कामच नाही. उलट मे महिन्यात तापलेल्या सिमेंटवर टायरची धास्ती. मी हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजते आणि मगच वर चढते. मजा आहे ती आमच्या टेकड्यांमधल्या एका सोळा किलोमीटरच्या रस्त्यावर. वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना सागवान, डांबर नवं. नाव सांगत नाही, नाहीतर पोट्टे जमतील. कुठल्या तरी गोठ्यात पाय दुमडून दिवस काढल्यावर संध्याकाळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये त्या वळणांवरून घरी येताना जे काही होतं, त्याची नोंद नवऱ्याच्या वहीत कुठल्या रकान्यात करायची ते मला ठाऊक नाही.

आता वाईट. यादी मोठी आहे.

जमिनीपासून गाडीचं पोट साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. गावात शिरताना जे ब्रेकर असतात त्यांचं काय सांगू. नियमानं गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा लागतो, म्हणजे गाडी त्यावर हळू चढेल आणि हळू उतरेल. आमच्याकडे एखाद्याच्या कोंबडीवरून गाडी गेली की दुसऱ्या दिवशी तिथं मुरूम-सिमेंटची वरवंट्यासारखी एक ओळ उभी राहते. अशा ब्रेकरवर मी तिरकी चढवायला शिकले, आधी एक चाक, मग दुसरं. मागच्या बसवाल्याला वाटतं बाई वळते आहे, तो हॉर्न वाजवतो.

तरी एकदा चुकलंच. नाल्यावरच्या रपट्याच्या पलीकडं पाण्यानं आणून टाकलेला गोटा होता, गवतात झाकलेला. चूक माझी, उतरून पाहायला हवं होतं. खालून असा आवाज आला की पोटात गोळा आला. इंजिनाच्या खाली तेलाचं भांडं असतं, आमचे मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. चेंबर फुटला नाही, चेपला. पण त्यानंतर झोप लागेना. शेवटी आमच्या गावात जो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि डवऱ्यांचे सांगाडे बनवतो त्याच्याकडं गेले. त्यानं गाडीखाली झोपून माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तीन मिलीमीटर पत्र्याची प्लेट कापून लावून दिली. नटबोल्ट ट्रॅक्टरचे. लावल्यावर 2000 आरपीएमला अख्खी गाडी पिठाच्या गिरणीसारखी थरथरायला लागली. तो म्हणाला, थांबा मॅडम, आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून मधे घातले. थरथर गेली. आठशे रुपये. तेल काढायच्या नटासाठी भोक ठेवायला मात्र दोघंही विसरलो, ते पुढच्या सर्व्हिसिंगला कळलं.

टायर 195/55, रिम सोळा इंची. 195 च्या 55 टक्के म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात 107 मिलीमीटर रबर. बोलेरोच्या टायरला तेच 161 भरतं. पाच सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच नाही, पण रस्ता उखडून गिट्टी टाकून ठेवलेली असते आणि कंत्राटदार दिवाळीपर्यंत फिरकत नाही, तेव्हा तो दर मीटरला जाणवतो. पुढची डावी रिम दोनदा वाकली. वळणांवर जो कडकपणा मला आवडतो, तोच इथं माझ्या कमरेतून वसूल होतो.

आणि ती फुंकणी. संध्याकाळी गायकी गावात गुरं आणतो तेव्हा रस्ता गुरांचा असतो, आणि माझ्या धंद्यात मी त्यांना हॉर्न मारणं शोभत नाही. दहा-पंधराच्या वेगानं मागं मागं जायचं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम हजार आरपीएमवर असतं, तिथं टर्बोला वाराच मिळत नाही आणि तीन सिलिंडरचं लिटरभर इंजिन एकटं पडतं. गाडी धडधडते, बंद पडेल असं वाटतं. मग पहिला, मग दुसरा, पुन्हा पहिला. डावा पाय भरून येतो. माझी जुनी साधी गाडी हेच काम मुकाट करायची. हायवेवर जिचा रुबाब, ती बारा म्हशींच्या मागं रडकुंडीला येते.

पण जे कुठल्याच गाडीच्या माहितीत सापडणार नाही ते डिक्कीबद्दल. 280 लिटरची डिक्की. औषधांची पेटी, दोर, गमबूट, बादली बसते, तक्रार नाही. अडचण नायट्रोजनची. कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे 196 अंशांवरच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, त्याचा तीन लिटरचा कंटेनर कधी कधी मलाच न्यावा लागतो. एक लिटर द्रव उडालं की त्याचा जवळपास सातशे लिटर वायू होतो. विषारी नसतो, पण बंद जागेत तो प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला कळतही नाही. आता, हॅचबॅकची डिक्की म्हणजे बैठकीला लागूनच असलेली खोली, मधे दार नाही. मागं कंटेनर असला की चारही काचा खाली. मे महिन्यात 45 अंशांत एसी बंद, काचा खाली, तोंडाला ओढणी आणि हातात 110 पीएस! शेवटी आता कंटेनर आमचा सहकारी बाइकवर मागं बांधून नेतो. तो सांगतो की बाइकवर तो जास्त शांत बसतो. म्हणजे कंटेनर.

सासूबाईंचं मत वेगळं लिहायला हवं. त्यांचे गुडघे दुखतात. “या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं,” असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, आणि अमरावतीला लग्नाला गेलो तेव्हा मागं तिघं बसल्यावर त्यात भर घातली, “अन् विहिरीत आधीच दोघं जण हाय.” मागची जागा खरंच अरुंद आहे. नवऱ्याच्या मागं कुणी प्रौढ माणूस बसू शकत नाही. मुलगी बसते, पण ती नऊ वर्षांची आहे, आणि वाढते आहे.

पेट्रोल: आमच्या गावरस्त्यांवर लिटरला 14-15 किलोमीटर, समृद्धीवर शंभरनं गेलं तर 19 च्या जवळ, 120 नं गेलं तर 16. आता पंपावर बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळं थोडं कमी जाणारच, आणि 2021 ची गाडी या पेट्रोलसाठी बनवलेलीही नाही. रबराचे पाइप दर सर्व्हिसिंगला बघून घेते. सर्व्हिसिंगला शंभरेक किलोमीटर जावं लागतं. शहरातल्या एका वर्कशॉपनं मला फोनवर ‘पार्ट आहे, या’ म्हणून सांगितलं, दवाखान्यातून रजा टाकून गेले, तर पार्ट ‘उद्या येईल’. काउंटरवरच्या मुलानं वर विचारलं, “सर नाही आले का?” मी म्हटलं, सर शाळेत गेलेत, गाडी माझी आहे. त्यानंतर मी साध्या कामांसाठी तिथं जाणं सोडलं. आर्वीतला एक तरुण मेकॅनिक मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत काम करतो, पण ऐकून घेतो.

शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि माझ्या जुन्या गाडीची किंमत घरबसल्या खाली आली. नवऱ्यानं ही बातमी मला दोनदा वाचून दाखवली.

यंदा हिवाळ्यात शंकरपटाच्या बैलांच्या तपासणीला गेले होते. पटावर 2014 साली बंदी आली होती. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंही ती कायम ठेवली. त्यातल्या एका अटीपायी माझ्यासारख्यांना तिथं उभं राहून बैल तपासावे लागतात. बाबा हट्टानं सोबत आले होते. मैदानाच्या कडेला पिकअप गाड्यांची रांग, एकेक जोडी फळीवरून खाली उतरत होती. अंगावर झूल, पायाखाली तणसाची गादी. बाबा बराच वेळ ते पाहत राहिले. त्यांच्या काळी बैल चालत यायचे.

“पाहाय पोरी,” म्हणाले, “पळनारा बसून आला.”

मी म्हटलं, “मग माझ्या गाडीलाही पिकअप घेऊ का, बाबा?”

“घे ना. जावई सांगते तशी उंच घे, अन् हे तिच्यात टाकून आन.”

तसं काही घेतलेलं नाही. पावसाळ्यात मात्र मी एक केलं. ज्या सात-आठ गावांना पांदणीतून जावं लागतं, तिथल्या लोकांना सांगून ठेवलं की मी डांबर संपेल तिथं उभी राहीन, पुढं तुम्ही न्या. परवा अवकाळी पाऊस झाला आणि बुटक्या गाडीवाले तेच काका मला घ्यायला ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांच्या म्हशीला पान्हा फुटत नव्हता. मी पेटी घेऊन मडगार्डवर चढले. काकांनी इंजिन चालू केलं, मागं वळून लाल गाडीकडं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. चिखलात पन्नास पावलं गेलो नसू, तोच पारावरची पोट्टी गाडीकडं निघालेली दिसली. मी तिथूनच ओरडले, हात लावायचा नाही बरं.

“नाई लावत जी,” एक जण म्हणाला, आणि काचेला दोन्ही तळवे टेकवून आत पाहू लागला.